अंकिताचा अंगठा

वर्ध्याकडच्या तळेगावच्या बाजाराला भाजी पुरवणारी जी चार-दोन गावं आहेत, त्यांतल्या एका गावात घराच्या मागेच बंडूजीचं दीड एकराचं ओलिताचं वावर आहे. वावर लहान, पण ते पडीक राहिलेलं कुणी पाहिलं नाही. हिवाळ्यात वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. उन्हाळा लागला की भेंडी. आमच्याकडच्या सगळ्या भाज्यांत भेंडी मोठी हट्टी. एक दिवसाआड तिला तोडावंच लागतं. आज कोवळी दिसली म्हणून दोन दिवस सोडली, तर ती जून होते आणि मग तिला कुणी विचारत नाही. शिवाय तिच्या अंगावरची बारीक लव बोटांत शिरते, चीक चिकटतो, आणि हंगामाच्या शेवटी बोटांची कातडी अशी गुळगुळीत होते की त्यावरच्या रेषा शोधाव्या लागतात. बंडूजीची बायको चतुराबाई हिच्या अंगठ्यावर तर आता रेषाच उरल्या नव्हत्या.

त्यांची मुलगी अंकिता. दहावीला गुण चांगले पडले म्हणून तिनं आर्वीला अकरावी सायन्स घेतलं. तेव्हापासून दोन वर्षं तिचा दिवस असा: पहाटे वावरात तोडणी, सातची एसटी, कॉलेज, कॉलेजातून क्लास, संध्याकाळी घरी येऊन भाजी निवडणं. अभ्यास या सगळ्याच्या फटींतून. तिच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातली काही पानं भेंडीच्या चिकानं एकमेकांना धरून बसली होती, ती तिला अलगद सोडवावी लागत. बोर्डाचा अभ्यास वेगळा, तिथं व्यवस्थित उत्तरं लिहायची. डॉक्टरकीच्या प्रवेशाची जी नीट परीक्षा, तिचा वेगळा, तिथं एकशेऐंशी प्रश्न आणि तीन तास. क्लासचे सर दर रविवारी मोबाईलवर सराव परीक्षा द्यायचे. दोन वर्षांत ती परीक्षा अंकितानं एकदाही पुरी सोडवली नव्हती. दोन तास झाले की बाबांची हाक यायची, गाडी आली, कॅरेट उचलू लाग. फिजिक्सचे शेवटचे वीस-पंचवीस प्रश्न दर वेळी कोरेच राहायचे. ते तिला येत नव्हते असं नाही. ती त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती.

मार्चमध्ये बोर्डाचा शेवटचा पेपर झाला आणि चतुराबाईनं सुटकेचा श्वास सोडला.

"सुटली बापा एकदाची. आता भेंडी निघतेच."

"आई, अजून नीट आहे ना. मेच्या पहिल्या रविवारी. खरी परीक्षा तेच आहे."

"मंग आता देली ते काय खोटी होती?"

बंडूजी अंगणात पाइप गुंडाळत होता. तो म्हणाला, "बारावी म्हंजे बारावी. तिच्या वर कोनती राह्यते?"

माणसं वाईट नव्हती. दोन वर्षं त्यांनी पोरीला बारावी, बारावी म्हणतच वागवलं होतं, आणि बारावी तर झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती टोपलं घेऊन निघाली. पाच आठवडे उरले होते. सलग तीन तासांची एक सकाळ मिळावी, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढंच मागायला तिची जीभ उचलत नव्हती.

त्याच आठवड्यात ती आर्वीला आधार केंद्रावर गेली. ठसे नवे करायचे होते. मशीननं तिचा अंगठा तीनदा नाकारला, चौथ्यांदा कसाबसा घेतला. संध्याकाळी कणीक मळताना हे तिनं सहज सांगितलं. चुलीपुढे बसलेल्या चतुराबाईचा हात थांबला.

"त्या परीक्षेले बी अंगठा लावा लागते?"

"हो. आत जायच्या आधीच घेतात."

रेशनच्या दुकानात चतुराबाईनं काय सोसलं होतं ते तिलाच ठाऊक. महिन्यामागून महिने ती त्या मशीनपुढे उभी राहायची, अंगठा पदराला पुसायची, पुन्हा लावायची, आणि मागची रांग चुळबुळायची. तिचं स्वतःचं बोट तिला ओळख देत नव्हतं. पोरगी दोन वर्षं शिकून दारातून परत येते आहे, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"उद्यापासून भेंडीले हात लावाचा नाई," ती म्हणाली.

"अन् तोडीन कोन?" बंडूजीनं विचारलं.

"मी तोडीन, तुम्ही तोडान. अन् जयवंताले सांगतो मी."

जयवंता म्हणजे शेजारच्या वावराची मालकीण, अंकिताची काकू, रक्ताची नव्हे, बांधाची. तिची गवार उशिरा लावलेली, मे महिन्यात निघणार होती. आमच्या इथे भाजीवाल्या बायांत एक रीत आहे. तू माझ्या वावरात वाक, मी तुझ्या वावरात वाकेन. तसं ठरलं. तोपर्यंत जयवंता आणि तिची सून भेंडीला येतील, मग परीक्षा झाली की अंकिता गवारीला जाईल.

"पोरीचा अंगठा का सोन्याचा आहे वो?" जयवंतानं विचारलं.

"सोन्याचा असता त मोडून खाल्ला असता आतापर्यंत," चतुराबाई म्हणाली.

आणि खरोखर दुसऱ्या दिवसापासून अंकिताच्या सकाळी मोकळ्या झाल्या. ती घरामागच्या छपरीत, म्हणजे पडवीत, बसायची. समोर भेंडीच्या ओळी आणि त्यांत वाकलेल्या चार पाठी. सूर्य वर येईपर्यंत हवा गार असायची. बाबांनी हाक मारणं सोडून दिलं होतं, कॅरेट ते एकटेच उचलत. रोज संध्याकाळी आई जवसाचं तेल कोमट करून तिच्या दहाही बोटांना चोळायची, एकेक बोट, घाई न करता. अंकिताला आठवत नव्हतं, आईनं याआधी कधी तिचे हात इतका वेळ हातात धरले होते.

दुसऱ्या रविवारी तिनं पहिल्यांदा एकशेऐंशीचे एकशेऐंशी प्रश्न पाहिले. बरेच चुकले. पण ती शेवटापर्यंत पोचली होती.

मग नीटच्या अर्जाची छापील प्रत घ्यायला ती आर्वीला गेली. कॉलेजच्या कार्यालयात मधुकरराव नावाचे बाबू होते. निवृत्तीला आलेले, स्वभावानं मऊ. तिनं भीत भीत अंगठ्याचं विचारलं.

"अंगठा नाई उमटला त फोटो काढतात, कागदावर लिहून घेतात अन् आत सोडतात. तेवढ्यासाठी कोनाले परत नाई पाठवत. तू काऊन भेऊन राह्यली?"

एसटीत बसताना तिनं ठरवलं होतं, घरी गेल्याबरोबर सांगायचं. फाट्यावर उतरून ती वावराच्या कडेनं आली. तोडणी आटोपून दोघी बाया बांधावर बसल्या होत्या. जयवंता कमरेला हात लावून उठत होती.

"आली पाहा अंगठेवाली. दाखव वो, रेषा फुटल्या का?"

अंकितानं हात पुढे केला. जयवंतानं तो उलटसुलट करून पाहिला, चतुराबाईनंही पाहिला, आणि दोघींच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं, जसं वाफ्यात पहिला अंकुर दिसल्यावर येतं. सोळा दिवस उरले होते. अंकिताच्या ओठांवर आलेलं वाक्य परत गेलं. त्या सोळा दिवसांत तिनं जितका अभ्यास केला तितका दोन वर्षांत केला नव्हता, कारण समोर वाकलेल्या पाठींकडे पाहिलं की पुस्तकावरून नजर हलवायची तिला लाज वाटायची.

परीक्षेला केंद्र वर्ध्याला आलं. बंडूजी तोडणीला मागे राहिला, चतुराबाई सोबत गेली. ऊन डोक्यावर होतं. दारात मनगटाचा काळा दोरा कापून घेतला, केसांतली पिन काढायला लावली. पालकांना दोरीच्या अलीकडे थांबवलं होतं. तिथून मशीनचं टेबल दिसत होतं, म्हणून चतुराबाई दोरीला पोट लावून उभी राहिली.

अंकितानं अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून पुन्हा ठेवला. लाल. तिसऱ्यांदाही लाल. तिनं मागे वळून पाहिलं. आईचं तोंड पार उतरलं होतं आणि तिचा हात नकळत पदराशी गेला होता, रेशनच्या दुकानात जायचा तसा. टेबलावरच्या मुलानं अंकिताचा फोटो काढला, एका कागदावर सही घेतली आणि आत जायला सांगितलं. तिनं दुरूनच आईला हात हलवून सांगितलं, घेतलं आत. मग ती वर्गात गेली.

परतीच्या एसटीत दोघींना मागची जागा मिळाली. आंजी गाव मागे पडलं.

"अंगठा नाई लागला, तरी सोडलं?" चतुराबाईनं विचारलं.

"हो."

"असं सोडतात?"

"सोडतात, आई. मले माहीत होतं. मधुकरराव बाबूंनी सांगतलं होतं मले. मी तुले नाई सांगतलं."

खरांगणा आलं, चार माणसं चढली, गाडी पुन्हा निघाली.

"काऊन नाई सांगतलं?"

"सकाळ गेली असती माही."

मग चतुराबाई हळू आवाजात बोलली. "गेली असती. अभ्यासाले मांगतली असती त मी नसती देली. मले अभ्यासातलं काय समजते? अंगठ्याचं समजलं, म्हणून देली." तिनं पोरीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "मले राग नाई. पण जयवंताले तू सांगजो. तुह्या तोंडानं. ते तुह्या अंगठ्यासाठी वाकली."

दुसऱ्या दिवशी पहाटे अंकिता गवारीच्या वावरात गेली. जयवंताच्या शेजारच्या ओळीत ती तोडायला लागली आणि तोडता तोडता तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. जयवंताचे हात चालतच राहिले. ओळीचं टोक आलं तेव्हा ती सरळ झाली.

"म्हंजे एवढं तेल फुकट गेलं त," ती म्हणाली.

"काकू, चुकलं माह्यं."

"ते ऱ्हाऊ दे. पेपर पुरा लिहिला का?"

"लिहिला. शेवटच्या प्रश्नापर्यंत गेली मी. अकरा मिनिटं उरली होती."

"मंग कायले रडून राह्यली? माही कंबर काय वाया गेली?" जयवंतानं शेंगांची ओंजळ टोपल्यात टाकली. "तिकडल्या ओळीत जाय. आपल्याच्यानं आज पुरं व्हायचं नाई."

निकाल लागला. एमबीबीएसला नंबर आला नाही, आयुर्वेदाला आला, आणि पहिल्या यादीत आपलं नाव वाचून अंकिता आधी जयवंताकडे गेली, मग घरी. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. पण त्या उन्हाळ्यात ती गवारीला ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस गेली. पुरे झालं आता, असं जयवंतानं दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा तिनं काही न म्हणता आपल्या बाजूचं टोपलं तिच्याकडे सरकवलं.