खिशातला फ्यूज

"फ्यूज तू खांबाखाली ठेवलास का नाय? व्हय का नाय, येवढंच बोल!"

"आवाज खाली कर, गोरख. ठेकेदार मी हाय का तू?"

"ठेकेदार हायस म्हणूनच इचारतो, महिपती. खिशात ठेव, खिशात ठेव, शंभरदा बोललो तुला. जनू वर तारेला लोंबलेला न तू खाली विडी वढत बसलेलास!"

शिल्पा तेव्हा आठ वर्षांची होती. पेणपासून चार कोसांवर नदीच्या कडेला त्यांची वाडी. कुडाच्या भिंतीला कान लावला की पलीकडचं सगळं ऐकू येई, आणि पोरीला तेवढाच उद्योग. तिचा बाप गोरख विजेचे खांब उभारायच्या कामावर मजुरीला जायचा आणि महिपती त्याचा ठेकेदार. त्या दिवशी धरमतरकडच्या एका गावात काम चाललेलं. कुणा शहाण्याला क्रिकेटची मॅच चुकत होती. खांबाखाली फ्यूज पडलेला बघून त्याने तो उचलला आणि घातला जागेवर. वर जनू होता. जनू म्हणजे शिल्पाच्या आईचा मावसभाऊ. पोरांना करवंदं आणून द्यायचा.

भिंतीपलीकडे महिपती रडला की खोकला ते काही शिल्पाला कळलं नाही. पण एक गोष्ट पोरीच्या हाडात जाऊन बसली. काढलेला फ्यूज आपल्या खिशात ठेवायचा. प्रत्यक्ष देव समोर आला तरी त्याच्या हाती द्यायचा नाही.

आता नशीब बघा. वाघाला भिणाऱ्याने रानातच राखण करावी, तशी ही मोठी होऊन शिकली वायरिंगचंच काम. बापाच्या हाताखाली शिकली, पेणला वर्गाला जाऊन शिकली, सर्टिफिकीट मिळवलं. पण भीती काही गेली नाही. बोर्ड उघडला की हाताला घाम फुटायचा. बायामाणसांत कुणी कौतुकाने म्हणे, "गो बाय, तुला भ्या नाय वाटत?" तर ही हसून म्हणे, "वाटतं ना! म्हणून तर जिवंत हाय."

त्या भीतीनेच तिने आपली वाट शोधली. काचेच्या कपाटात एलईडीच्या पट्ट्या बसवायच्या. पट्टीला बारा व्होल्ट पुरतात, चुकून बोट लागलं तरी मुंगी चावल्याएवढंही होत नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यांतून लहान मूर्ती काचेत मांडलेल्या असतात, तिथून सुरुवात झाली. मग लोकांची कपाटं आली. पगारदार पोरं हल्ली बाहुले जमवतात. त्यांना म्हणायचं फिगर. यंत्राचा माणूस, पंखांची बाई, तलवारवाला, वीतभर उंच आणि नखाएवढ्या चिलखताचे. त्यांना काचेत ठेवायचं, वर उजेड पाडायचा.

शिल्पाचा हात या कामात असा बसला की रोह्यापर्यंत नाव झालं. बाकीचे कपाटाच्या छताला एक पट्टी चिकटवून मोकळे होत. ही म्हणायची, "वरून उजेड टाकला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. बाहुला मेल्यावाणी दिसतो." ती पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत उभ्या पट्ट्या लावी, वर दुधी झाकण, म्हणजे ठिपके दिसत नाहीत आणि उजेड सरळ तोंडावर पडतो. तापणारा ॲडॅप्टर कपाटाबाहेर. तार एवढी बारीक लपवी की मालकालाही शोधावी लागे.

तर गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. वरसेला, रोह्याच्या अगदी शेजारी, जगन आणि काशीबाई असं जोडपं राहतं. त्यांचा मुलगा निकेश बोटीवर नोकरीला. सुट्टीवर येण्याआधी आपलं बाहुल्यांचं कपाट उजळून निघावं असा त्याचा हट्ट. जगनची छाती बिघडलेली. दिवसरात्र नाकात नळी आणि उशाशी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन.

शिल्पा सकाळी दहाला पोचली. कपाटामागे नवा पॉइंट काढायचा होता, म्हणजे बोर्डात हात घालणं आलं.

"काकी, अर्धा तास लाईट बंद करावी लागेल. काकांचं कसं?"

"सिलिंडर हाय ना कोपऱ्यात. लाईट गेली की त्यावर लावते. दोन तास जातो." काशीबाईने नळी बदलली. "कर तू. बाहुल्यांना उजेड हवा, माणूस गुदमरून का राहीना!"

"तुझ्या लेकाचे बाहुले," जगन दम घेत म्हणाला, "माझ्यावर नको घालू."

जुन्या बांधणीचं घर, ओटीवर चिनीमातीचा फ्यूज. शिल्पाने तो उपसला, सदऱ्याच्या खिशात टाकला, बटण लावलं, टेस्टर तीनदा टेकवला आणि मगच तारेला हात लावला. पॉइंट झाला, पट्ट्या चिकटवल्या, बाहुले होते तसे मांडले. इतक्यात शेजारची मनस्वी ओटीवरून ओरडली, "काकी गो, सगळ्या आळीची लाईट गेलेय! अर्ध्या तासात येईल बोलतात."

आता बसून काय करायचं? पेणला एक दुकानदार तिची वाट बघत होता.

"जा तू," काशीबाई म्हणाली. "सांजच्याला परतशील तेव्हा दिवे लावून दाखव."

शिल्पाने हत्यारं भरली आणि स्कूटर काढली. चूक इथे झाली. रोजची तिची रीत अशी की फ्यूज घालायचा, दिवा पेटवायचा, मालकाला दाखवायचा आणि मग निघायचं. दिवा पेटला म्हणजे फ्यूज जागेवर गेलेलाच. वेगळं आठवायची वेळ कधी आलीच नव्हती. त्या दिवशी दिवा पेटायचाच नव्हता, म्हणून फ्यूजही आठवला नाही.

नागोठण्याला चहाला थांबली. रुमाल काढायला खिशाचं बटण सोडलं आणि बोटांना गार चिनीमाती लागली.

चहा तसाच राहिला. घड्याळात साडेअकरा. सिलिंडर दहाला लावलेला.

तिने काशीबाईला फोन लावला. बंद. त्या घरात फोन कायम चार्जरला टांगलेला आणि चार्जर आज मेलेला. निकेश समुद्रात. मनस्वीचा नंबर नव्हता. रोह्यातला हार्डवेअरवाला साईराज, त्याला लावला.

"साईराजदादा, वरसेला जगनकाकांकडे जा, आत्ताच्या आत्ता. फ्यूज माझ्याकडे राहिलाय, काका ऑक्सिजनवर हायत!"

"अगो मी खांब गावाला हाय, लग्नात. निघतो मी. पण तूच आधी पोचशील. पळ!"

स्कूटर वळवली. पुढचा अर्धा तास तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. पुढे सिमेंटचा ट्रक, त्याच्यापुढे गुरं, आणि रस्ता असा की खड्डा चुकवावा तर दुसरा तयारच.  काशीबाई बिचारी अजून लाईटीची वाट बघत बसली असेल. आळीत कधीच लाईट आली असेल आणि त्या एकाच घरात नसेल, भरदुपारी ते कुणाच्या ध्यानात येणार? नवऱ्याला सोडून बाई ओटीवरसुद्धा जाणार नाही.

मग एक विचार आला आणि तो आल्याची तिला लाज वाटली. देवा, आळीची लाईट अजून गेलेलीच असू दे. त्याने जगनच्या छातीत वारा जाणार नव्हता. फक्त दोष हिच्यावर आला नसता. माणूस भ्यालं की आधी स्वतःची कातडी चाचपतं, दुसरं काय! तिने स्वतःला एक शिवी हासडली आणि मूठ आणखी पिळली.

वरसेत शिरली तर पिठाची गिरणी घरघरत होती. लाईट आलेली होती.  डोळ्यांपुढे जनू आला. जनू कसला, करवंदांनी जांभळा झालेला त्याचा पंजा. तिने स्कूटर दारात उभीसुद्धा केली नाही, आडवी टाकली.

आत जगन खुर्चीत पुढे वाकलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ काळे-निळे. काशीबाई सुपाने वारा घालत होती. सिलिंडरचा काटा लाल खुणेवर टेकलेला.

"लाईट नाय आली गो अजून," काशीबाईचा आवाज फाटला. "आज काय मेली येतच नाय!"

शिल्पा तशीच बाहेर पळाली. ओटीवर स्टुलावर चढली. फ्यूज खाचेत बसेना. एकदा हुकला, दोनदा हुकला. तिसऱ्यांदा डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि रेटला.

खोलीत मशीन टीक टीक करून आधी विचारात पडलं. पण कपाट मात्र लगेच पेटलं. तीन काचा, सतरा बाहुले, सगळ्यांची तोंडं लख्ख. मग मशीनने घरघर धरली, काशीबाईने नळी बदलली. तिघंही त्या आवाजाकडे कान लावून बसली. बराच वेळ जगनचा श्वास शिट्टीसारखाच वाजत राहिला. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा सत्तरच्या घरात होता. तो ऐंशीवर आला, मग अडला, मग सत्त्याऐंशी. 

जगनने डोळे उघडले. कपाटाकडे बघितलं.

"आधी... बाहुल्यांना," तो म्हणाला. "मला मागनं."

काशीबाईने डोळे पुसले. "पोरगी दिवे दाखवायला लवकर आली न नेमकी लाईट आली. पायगुण चांगला हाय गो तुझा!"

आता गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? पायगुणाचा चहासुद्धा मिळाला असता.  भिंतीपलीकडे खोकणारा महिपती शिल्पाला आठवला.

"काकी, लाईट कधीच आली व्हती. तुमचा फ्यूज माझ्या खिशात गेला. मी नागोठण्यापर्यंत घेऊन गेले."

काशीबाई तिच्याकडे वळली. "म्हंजे? तुझ्या खिशात व्हती आमची लाईट?"

"व्हय."

मग जे सुटलं! मेले, आंधळे, बारा गावचं पाणी प्यालेले, माणूस मारशील एखादं, शिकलीस कशाला, वरसेच्या वेशीत पाय टाकायचा नाय. शिल्पा मान खाली घालून ऐकत होती. काय खोटं होतं त्यात? जगननेच हात वर केला.

"बास गो. परत आली ना? आली न सांगितलंन पण."

काशीबाईचा पट्टा जरा वेळ तसाच चालला, मग ती दमली. खोलीत मशीनची घरघर उरली. आकडा त्र्याण्णव. तेवढ्यात साईराजचा फोन आला. शिल्पाने त्याला लग्नाला परत पाठवला, पेणच्या दुकानदाराला उद्या येते म्हणून कळवलं आणि कोपऱ्यातला रिकामा सिलिंडर उचलला.

"हा भरून आणते. रात्री लाईट गेली तर?"

"आण," काशीबाई तिच्याकडे न बघता म्हणाली. ती दारापर्यंत पोचली तशी मागून हाक आली. "न गो, जातेच हायस तर कोथमीर आण. आलं पण बोटभर."

शिल्पाने सिलिंडर स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी उभा ठेवला आणि उरलेल्या तारेने दोन वेढे देऊन बांधला. रोह्यात दुकानदाराने भरून दिला तेव्हा काट्याला बोट लावून बघितलं. मग बाजारात भाजीवालीपुढे उकिडवी बसली, कोथिंबिरीची जुडी नाकाला लावली, शिळी वाटली म्हणून ठेवून दिली आणि खालची ओढून घेतली.