चार सुतांचे कुलूप

दाराची जाडी किती, असे विचारले तर बहुतेक माणसे दारासमोर उभी राहून अंदाज सांगतात, आणि तो अंदाज जवळजवळ नेहमीच जास्त निघतो. दार अर्धे उघडावे, कडेला उकिडवे बसावे आणि पट्टी आडवी लावावी, तेव्हा खरे माप कळते. जालन्याच्या एका टेक्निकल शाळेत मी वीस वर्षांहून अधिक काळ यंत्रचित्र आणि फिटरकाम शिकवले. दर जूनमध्ये पहिला तास मी वर्गाच्या दारापासूनच सुरू करत असे. मुले मिलिमीटरमध्ये मोजत. बाहेर बाजारात मात्र सुतार आणि लोहार सुताची भाषा बोलत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मला दोन्ही भाषा येत होत्या, आणि याचा मला थोडा अभिमानही होता.

ऐंशीचे दशक संपत आले होते. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, टेंभुर्णीच्या शाळेतली नोकरी सोडून जालन्यात मुलींच्या एका वसतिगृहाची अधीक्षिका झाली होती. आसपासच्या तालुक्यांतल्या ज्या मुलींना गावात दहावीच्या पुढे शिकता येत नव्हते, त्या तिथे राहत. इमारत नवीन होती. खोल्यांची दारे दोन्ही बाजूंनी प्लायवूड लावलेली, हलकी, दहा सूत जाडीची होती. प्रत्येक दाराला बाहेरून कडी आणि कोयंडा होता, कारण मुली कॉलेजात गेल्या की टाळे लावावे लागे. आतून मात्र बोटभर लांबीची एक खिटी. तिचे स्क्रू दोन महिन्यांतच सैल झाले होते.

ऑगस्टमध्ये एका मुलीला कुणीतरी गमतीने बाहेरून कडी घातली आणि सगळ्या जणी कॉलेजात निघून गेल्या. ती मुलगी अकरावीला, विज्ञान शाखेत होती, मंठ्याकडच्या एका खेड्यातली. तिच्या घरातून एवढे शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच. त्या दिवशी तिची घटक चाचणी होती. स्वयंपाकीणबाईंना हाका ऐकू आल्या, तोवर चाचणी संपली होती.

पुढच्याच रविवारी तिचे वडील आले. उंच, कमी बोलणारे शेतकरी गृहस्थ. मी त्या दिवशी आक्काकडे जेवायला गेलो होतो, म्हणून सगळे माझ्यासमोर घडले. त्यांनी दार उघडून पाहिले, लावून पाहिले, खिटी बोटाने हलवली आणि आक्काला म्हणाले, "बाई, बाहीरून एवढी दणकट कडी अन् आतून हे? माणसं राहत्यात का जनावरं? गोठ्याला अशी कडी राहती."

आक्का म्हणाली, "ज्या पोरीनं खोडी केली, तिला मी बोलले आहे. परत नाही होणार."

"बोलून काय व्हतंय? कडी हाये तोवर हात जाणारच. मी दिवाळीला न्यायला येतो. तवा दार बघीन. दार बराबर असलं तर सुट्टी झाल्यावर लेकीला परत आणून सोडतो. न्हाई तर मंग घरीच राहील."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. वडील गेल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, आबा बोलले म्हंजी तसंच करत्यात."

"बाजारात काय कमी कुलपं आहेत?" मी सहज म्हणालो.

आक्काने मला मागच्या दोन खोल्यांकडे नेले. तिथे सुताराने बाजारातले, दाराच्या पोटात बसणारे कुलूप लावून पाहिले होते. दोन्ही दारे कुलपाच्या जागी फुगून फुटली होती. "मास्तर," आक्का म्हणाली, आणि मला ती मास्तर म्हणते तेव्हा पुढे काहीतरी टोचणारे येणार हे ठरलेले असते, "तुझी पोरं वर्षभर लोखंड घासत असतात ना? त्यातून एखादं कामाचं निघतं का, की नुसता भुगाच?"

मी तिथेच बसून मोजले. दार दहा सूत, बाजारातले कुलूप सात सूत. दोन्ही बाजूंना उरते दीड-दीड सूत, आणि त्यातही अर्धे प्लायवूड. पटाशीचा घाव बसला की फुटणारच. दोष सुताराचा नव्हता. ते कुलूप जाड सागवानी दारांसाठी घडवलेले होते, आणि दारे मात्र मधल्या काळात पातळ झाली होती.

इथे दोन शब्द कुलपाविषयी सांगणे भाग आहे. दाराच्या कडेतून चौकटीत शिरणाऱ्या लोखंडाला जीभ म्हणतात. एका प्रकारच्या जिभेचे टोक उतरते असते आणि मागे स्प्रिंग असते. दार ओढले की ती आपोआप बसते, पण पातळ पट्टी सरकवून तिला मागे ढकलताही येते. दुसऱ्या प्रकारची जीभ चौकोनी असते. ती किल्लीने किंवा खुंटीनेच हलते, ढकलून हलत नाही. हिला डेडबोल्ट म्हणतात. मला तीच हवी होती. बाहेरून किल्ली आणि आतून फिरवायची खुंटी, म्हणजे आतल्या माणसाला कोणी कोंडू शकणार नाही. मग बाहेरची कडी काढून टाकता येईल.

मी बाजारातले एक कुलूप शाळेत खोलले. त्यात जिभेची शेपटी, तिच्यावर एक खटका, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा अशी चळत होती. किल्लीचा दात हे खटके उचलतो, तेव्हाच जीभ सरकते. कुलूप जाड होते ते या चळतीमुळे. वह्यांच्या जुन्या पुठ्ठ्यांतून मी हेच भाग मोठे करून कापले आणि टाचण्यांनी जोडून पंधरा-वीस दिवस हलवत बसलो. खटके पातळ केले तर ते वाकत. कमी केले तर कुलूप कोणत्याही किल्लीने उघडेल.

उत्तर मिळाले ते शाळेच्या व्हरांड्यात. दहावीच्या वर्गाचा फोटो काढायचा होता आणि पाऊस असल्यामुळे मैदानात जाता येत नव्हते. तीन रांगा एकामागे एक केल्यावर छायाचित्रकाराला मागे सरकायला जागाच उरेना. शेवटी त्याने सगळ्यांना एका रांगेत भिंतीला लावून उभे केले. मी शिक्षकांच्या खुर्चीत बसलेलो होतो आणि फोटोत माझे तोंड उघडे आले आहे. खटके जिभेवर ठेवायचेच कशाला? शेपटीच्या वर एक आणि खाली एक, तिच्याच पातळीत उभे करायचे, आणि किल्लीला एकाऐवजी दोन बाजूंना दात ठेवायचे, म्हणजे खटके दोनच असले तरी भलती किल्ली चालणार नाही. मग सगळ्या यंत्रणेची जाडी जिभेइतकीच राहील.

त्या रात्री नव्हे, त्याच तासाला मी फळ्यावर आकृती काढली. जीभ तीन सूत, दोन्ही बाजूंचे पत्रे अर्धा-अर्धा सूत. एकूण चार सूत. दारात दोन्ही बाजूंना तीन-तीन सूत लाकूड शिल्लक.

काम करून घ्यायला मी जुन्या जालन्यातल्या चाचांकडे गेलो. चाचा पत्र्याच्या पेट्या आणि त्यांची कुलपे बनवत. वय सत्तरच्या पुढे, पण कानस धरली की हात स्थिर. त्यांनी माझा कागद उलटसुलट पाहिला.

"इसका नाम क्या बोले सर?"

"डेडबोल्ट."

"डेड? म्हंजे मुर्दा?" चाचा हसले. "लेकींच्या दाराला मुर्दा कशाला लावता? चांगलं नाव ठेवा काहीतरी."

मापे लिहून देताना मी थोडे जास्त धरले. घासताना लोखंड कमी होते, म्हणून जीभ साडेतीन सूत आणि पत्रे पाऊण-पाऊण सूत लिहिले. शेवटी घासून चार सुतांवर आणावे, असे तोंडी सांगितले. चाचांनी मान हलवली.

तीन आठवड्यांनी त्यांनी कुलूप माझ्या हातात ठेवले. किल्ली फिरवली, जीभ लोण्यातून सुरी जावी तशी बाहेर आली. मी कुलूप रुमालात बांधले, त्यांना नमस्कार केला आणि निघालो. खिशात बारीक मापे घ्यायचा व्हर्नियर होता, तो मी काढला नाही. वडीलधाऱ्या माणसाने हातात दिलेली वस्तू त्याच्यासमोर मोजणे आमच्याकडे बरे दिसत नाही. आणि घरी येऊनही मी मोजली नाही, कारण तोवर मला ते कुलूप चार सुतांचे वाटू लागले होते. तयार काम मोजल्याशिवाय पुढे सरकू नये, हे वाक्य मी दरवर्षी किमान शंभर वेळा उच्चारत असे.

दिवाळीच्या सुट्टीला बारा दिवस उरले होते. मी आणि सुतार थेट त्या मुलीच्याच दारावर बसलो. कुलूप खोबणीत शिरेना. सुतार म्हणाला, "सर, अजून थोडं कोरू का?" मी म्हणालो, "कोरा." पटाशीचे आणखी चार घाव बसले आणि दार कडेपासून वीतभर उभे फुटले. तेव्हा मी व्हर्नियर लावला. सहा सूत.

मुलगी व्हरांड्यातून पाहत होती. तिने विचारले, "आता दुसरं दार बसंल का सर, दिवाळीपतोर?" मी व्हर्नियर पुन्हा एकदा लावून पाहिला. तेवढ्यात आक्का आली. "आतापर्यंत दाराला नुसती कडी होती," ती म्हणाली. "आता भगदाडही झालं. तिच्या बापाला तू तोंड दे, मी नाही."

मी तसाच चाचांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"सर, तुम्ही लिवलं, ते मी पक्कं माप समजलो. घासायला जिभेवर अर्धा सूत जास्त धरला. पत्रेपण एक-एक सूत. म्हणलं, सर नेतील, लावून बघतील, परत आणतील, मंग फायनल घासू."

"पण चार सुतांवर आणा, असं सांगितलं होतं मी."

"सांगितलं. मी मान हलवली. पण तुम्ही मोजलं का न्हाई माझ्यासमोर?"

"तुमच्यासमोर कसं मोजणार, चाचा? अपमान वाटेल म्हणून..."

चाचांनी कपाळाला हात लावला. "अरे! मास्टर होके? मी म्हणलं, सर मोजून नाहीत राह्यले, म्हंजे सरांना जाडच पाहिजे. पेटीचं टाळं नेणारा अनाडी गिऱ्हाईकपण ओढून-ताणून बघतो. मोजल्यानं अपमान न्हाई होत. न मोजता फोडून आणल्यानं होतो."

त्यांनी मला बाजूला बसवले आणि हातात कानस दिली. पत्रे बदलले, ते त्यांच्याकडे तयार होते. जीभ मात्र घासायची होती. शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानात जात असे आणि दिवस मावळेपर्यंत घासत असे. दर दहा ओढींनंतर चाचा हात पुढे करत आणि म्हणत, "मोजा." मी मोजून आकडा सांगत असे. दोन दिवसांनी ते म्हणू लागले, "हां, अब आवाज निकला मास्टर का." सहाव्या दिवशी जीभ तीन सुतांवर आली, केसभर कमीच. सगळे जोडून मी त्यांच्यासमोर, दुकानात बसलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने माप वाचले: चार.

फुटलेली कड सुताराने कापून काढली आणि सागवानाची पट्टी सरस आणि खिळ्यांनी बसवली. या वेळी कुलूप खोबणीत सरळ गेले. बाहेरची कडी आणि कोयंडा मी स्वतः उपटला. त्याची भोके लाकडी खुंट्यांनी बुजवली.

आबा ठरल्याप्रमाणे आले. त्यांनी चहा नाकारला आणि आधी दाराकडे गेले. मुलीला आत पाठवून म्हणाले, "लाव." आतून खुंटी फिरली. त्यांनी खांदा लावला. नव्या पट्टीवर माझी नजर होती. ती जागची हलली नाही. मग त्यांनी बाहेरच्या बाजूवरून तळहात फिरवला, जिथे कडी होती तिथे थांबले.

"अन् कुणी बाहीरून किल्ली लावली तर?"

"लावू द्या," मी म्हणालो. "आतून खुंटी फिरवली की जीभ मागे येते. आतल्या माणसाला किल्लीची गरजच नाही."

त्यांनी किल्ली मागून घेतली, बाहेरून लावली आणि म्हणाले, "निघ." दार लगेच उघडले. मुलगी उंबऱ्यावर उभी होती आणि हसत होती.

"कुणी बनवलं?"

"आम्ही," मी म्हणालो, "जुन्या जालन्यातले एक चाचा आणि मी." माझ्या आयुष्यात 'मी' हा शब्द इतक्या समाधानाने मी क्वचितच उच्चारला असेल.

आबांनी हातातली किल्ली थोडा वेळ पाहिली. "ही माझ्यापाशी ठिवू का?"

"न्हाई आबा," मुलगी म्हणाली. "एक बाईंपाशी अन् एक माझ्यापाशी. तसंच ठरलंय." असे काहीच ठरलेले नव्हते. आक्काने माझ्याकडे पाहिले आणि ती म्हणाली, "हो, तसंच ठरलंय." आबांनी किल्ली मुलीला दिली.

सुट्टीनंतर ते तिला परत घेऊन आले, तिची पेटी स्वतः उचलून खोलीत ठेवली आणि दुपारच्या मंठ्याच्या गाडीने परतले. पुढच्या वर्षभरात चाचांनी आणि मी वसतिगृहाच्या उरलेल्या सगळ्या दारांना तसेच कुलूप बसवले. प्रत्येक कुलूप चाचा माझ्या हातात देत आणि मी ते त्यांच्यासमोर मोजत असे. नंतर गावातल्या दोन सुतारांनी आमची आकृती मागून नेली. मी ती आनंदाने दिली, फक्त मापे मिलिमीटर आणि सूत दोन्हींत लिहून.

ती मुलगी परत आल्यानंतरच्या आठवड्यात मी एकदा भर दुपारी स्क्रू तपासायला गेलो. नव्या लाकडात स्क्रू पहिल्या महिन्यात पुन्हा एकदा आवळावे लागतात. मी दार वाजवले.

"कोन?"

"मी, सर. स्क्रू बघायचेत."

"सर, गणित अर्ध्यावर हाये. पाच मिन्टं थांबा."

मी पेचकस हातात घेऊन व्हरांड्यात उभा राहिलो. समोरून आक्का येत होती. तिने विचारले, "काय रे, आत घेत नाही का तुला?"

"नाही," मी म्हणालो, "थांबायला सांगितलंय."