सरोजिनीवहिनींनी खाल्लेली बेरी

सरोजिनीवहिनींना काहीही टाकून द्यायचं म्हटलं की जिवावर यायचं. दुधीच्या सालींची चटणी, कोथिंबिरीच्या देठांची चटणी, कालच्या भाताला आज फोडणी. इथं परदेशात, क्लेमेंटी भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये आम्ही समोरासमोर राहायचो. त्यांचे यजमान रघुवीरभाऊजी जहाजावर चीफ इंजिनीअर, माझा नवराही जहाजावरच. त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींच्या आधारानं दिवस काढायचो आणि त्या चटण्या मी मुकाट्यानं खायची. नको म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, की बाई तासभर ऐकवणार!

तूप म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. इथल्या दुधाला साय धरत नाही, म्हणून बिनमिठाच्या बटरच्या वड्या आणून त्या कढवायच्या. कढताना विड्याचं पान टाकायच्या, पान नसलं की चार मेथीची पानं. तूप गाळल्यावर पातेल्याच्या तळाशी जी तपकिरी बेरी उरते, ती साखर घालून ओट्यापाशीच उभ्यानं खायच्या. खरं तर छातीत स्टेंट घातलेला, आणि डॉक्टरांनी तूप बंद करायला सांगितलेलं. "मी तूप कुठं खाते? मी बेरी खाते," असं वर मलाच सुनावायच्या. आता यांच्यापुढे कोण डोकं फोडणार!

२०१४ साली त्यांच्या मधल्या खोलीत सौमित्र भाड्यानं राहत होता. पुण्याचा मुलगा, इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करायचा. हुशार, पण अबोल. प्रबंध अडला होता आणि झोप उडाली होती, एवढं आम्हाला त्याच्या डोळ्यांवरून कळायचं. वहिनी येता-जाता त्याला टोकायच्या. "अरे, इतकी वर्षं माझ्या घरात काढलीस आणि साधं तूप कढवायला शिकला नाहीस? उद्या सासूला काय तोंड दाखवशील?" तो नुसता हसायचा.

पुढचं मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं, ते जोडून सांगते.

एका रविवारी वहिनी मंडळाच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत येणार नव्हत्या, पण त्यांचं तिथं कुणाशी तरी वाजलं आणि तणतणत त्या दुपारीच परतल्या. सौमित्र आंघोळीला गेला होता. ओट्यावर पातेलं, शेजारी गाळणं, घरभर कढलेल्या लोण्याचा वास. पातेल्याच्या तळाशी बेरी आणि तिच्यात हिरवी-काळी पडलेली पानं. वहिनींचा राग कुठल्या कुठं पळाला. पोरगं तूप कढवायला शिकलं, वर आपल्यासारखं पानही टाकलं! त्या कौतुकातच त्यांनी साखर घातली, पातेलं चाटूनपुसून खाल्लं आणि घासून पालथं घातलं.

सौमित्र डोकं पुसत बाहेर आला आणि पातेलं बघून थबकला.

"काकू, यात जे होतं ते कुठं टाकलंत?"

"टाकायला मला काय वेड लागलंय? खाल्लं. मेथी जरा जास्त झाली रे, कडसर लागली. पण पहिल्या खेपेला छान जमलंय हो."

त्यानं तेव्हाच सांगायला हवं होतं. तो आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसला.

वहिनींनी थोडी वामकुक्षी घेतली. उठल्या त्या हसतच. मग घशाला कोरड पडली, मग हातपाय आपले वाटेनात, आणि मग छाती अशी धडधडायला लागली की त्या सोफ्यावरून उठेनात. सौमित्र धावत माझ्याकडे आला. "चित्राकाकू, लवकर चला. काकूंना कसंतरी होतंय."

मी जाऊन बघते तर बाई घामानं डबडबलेल्या. "चित्रा, मी मरतेय गं," म्हणाल्या. त्या बाईच्या तोंडून मी असं कधी ऐकलं नव्हतं. मी फोन काढला, तर सौमित्रनं माझा हात धरला.

"ॲम्ब्युलन्स नको. लिंबूपाणी देऊन बघू या का? उतरतं ते थोड्या वेळानं."

"काय उतरतं?"

तो खाली बघत बोलला. मित्राकडून गांजा आणला होता, झोप येत नाही म्हणून. ओढला तर वास येतो, म्हणून लोण्यात उतरवून ठेवला होता, रोज थोडा खायला. वहिनींनी खाल्ली ती बेरी म्हणजे त्याचाच गाळ.

इथं येताना विमानात भरायच्या कार्डावर लाल अक्षरांत छापतात, अमली पदार्थांच्या व्यापाराला फाशी; ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. माझं डोकं भडकलं. "मेल्या, त्यांच्या छातीत स्टेंट आहे!"

"स्टेंट?" त्याला ठाऊकच नव्हतं. माझ्याच हातातला फोन घेऊन त्यानं ॲम्ब्युलन्स बोलावली. पत्ता सांगितला, स्टेंटचं सांगितलं आणि काय खाल्लंय तेही स्वच्छ सांगितलं.

मग फ्रिजमधून, लोणच्यामागून एक बरणी काढली. हिरवट तूप. खरं सांगते, मला त्याची दया आली. संडास चार पावलांवर होता. मी म्हणाले, "अरे, ती ओतून टाक. काय बोलायचं ते मी बोलते."

"नको. यात काय आहे, ते डॉक्टरांना नीट कळायला हवं," तो म्हणाला. बरणी टेबलावर ठेवून वहिनींच्या पायाशी बसला आणि त्यांचे तळवे चोळत राहिला. वहिनी त्यालाच विचारत होत्या, "तू जेवलास का रे?"

ॲम्ब्युलन्स आली, त्यांना घेऊन गेली. पोलीस आले, त्याला घेऊन गेले. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, काय खाल्लंय ते आधीच कळलं हे फार बरं झालं, नाहीतर हार्ट अटॅक समजून भलतेच उपचार सुरू झाले असते. वहिनींचीही चौकशी झाली. त्यांनी पातेल्यापासून साखरेपर्यंत सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि पोलिसांना ते पटलं.

घरी आल्यावर तोंडाचा पट्टा सुरू झाला. गाढव आहे, नालायक आहे, माझ्या घरात, माझ्या गॅसवर असले उद्योग! मी ऐकून घेतलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला, तो वहिनींनी स्पीकरवर घेतला. सौमित्रची आई. मुलगा फोन उचलत नाही, तब्येत बरी आहे ना, विचारत होती. तिला अजून कुणी काही कळवलं नव्हतं. मी खुणेनं सांगितलं, काहीतरी सांगून वेळ मारून न्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ताई, तो पोलिसांच्या ताब्यात आहे," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. "गुन्हा त्यानं केलाय. तो मी झाकणार नाही. पण ती बरणी ओतून टाकायला त्याला वेळ होता. माझ्या जिवासाठी त्यानं ती टेबलावर ठेवली."

मग ती माउली म्हणाली, "तुम्ही आता बऱ्या आहात ना?"

"हो," वहिनी म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात देऊन ढसाढसा रडायला लागल्या.