टोबायस कप्तानाची खुर्ची

आमच्या कपर्स कोव्हमधल्या कुणाचंही नाव घ्या, मी नक्कल करून दाखवते. नर्स मर्टल? प्रत्येक वाक्याआधी तोंडातली गोळी या गालातून त्या गालात. पाद्रीबाबा? 'आमेन' म्हणताना एक डोळा घड्याळावर. माझे बाबा? गाडी सुरू करायच्या आधी तिला एक शिवी, सुरू झाल्यावर दुसरी, प्रेमाची. पण हेबर स्ट्रिकलंड मला कधी जमले नाहीत. धरायला काही सापडायचंच नाही. ना खाकरणं, ना टोपी फिरवणं, ना कान खाजवणं.

हे त्यांनी मुद्दाम केलं होतं. नाताळात आमच्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मोठी माणसं सोंगं घेऊन घरोघर जातात. तोंडावर लेसचा पडदा, विजारीवर बायकोचा परकर, पाठीला उशी बांधून कुबड. आवाज कळू नये म्हणून बोलायचं ते श्वास आत ओढत. घरच्यांनी ओळखायचं. नाव बरोबर आलं की पडदा वर करायचा, मग केक आणि सरबत. बाकीचे चालीवरून नाहीतर खोकल्यावरून लगेच सापडत. हेबरकाका कधीच नाही. बाकीचे नुसते कपडे घालायचे, हेबरकाका माणूस घेऊन यायचे.

"सोंगाला खोड द्यायची," मासा चिरता चिरता ते सांगायचे. "एकच. दोन दिल्या की विदूषक होतो. आणि ती त्याला का लागली ते आपल्याला ठाऊक पाहिजे. लोकांना सांगत सुटायचं नाही."

त्यांचं सगळ्यांत गाजलेलं सोंग म्हणजे टोबायस कप्तान. हा कप्तान बसायच्या आधी खुर्चीच्या पाठीवर टकटक करायचा आणि अदबीनं विचारायचा, "कुणी बसलंय का?" लोक हसून लोळायचे. का विचारतो ते मी खोदून काढलं.

"त्याची बोट बुडाली, पोरी. सगळे खलाशी गेले. आता रिकामी खुर्ची दिसली की त्याला वाटतं, असेल कुणीतरी."

"अहो, मग लोक हसतात कशाला?"

"त्यालाच तर हसतात," हेबरकाका म्हणाले.

हेबरकाकांच्या बायकोला, ट्रिफीकाकूंना, विसर पडायला लागला तेव्हा सुरुवातीला आम्हीही हसलो. त्या पाद्रीबाबांना टपालवाला समजून ओरडल्या, "आज पण काही नाही का रे, रिकामटेकड्या?" मी ते घरी करून दाखवलं, आई पोट धरून हसली. मग त्या नवऱ्याला विसरल्या. एका सकाळी झाडू घेऊन उभ्या. "चालता हो! माझा हेबर बोटीवर गेलाय. परत आला की तुझी हाडं मोडेल."

हेबरकाका मासळीच्या खोपटात झोपायला लागले. थंडी वाढली. नर्स मर्टल आली, गोळी इकडून तिकडे गेली. "हे बघा, त्या तुम्हाला घरात घेत असतील तर राहू दे त्यांना. नाहीतर नाताळ झाला की शहरातल्या वृद्धाश्रमात. एकटीला चुलीपाशी कशी सोडायची?"

त्याच दुपारी हेबरकाका आमच्याकडे आले. "कर माझी नक्कल."

"तुमची?"

"मी कसा आहे ते दाखव. जे काही असेल ते तिच्यासमोर ठळक करून करतो. ओळखेल ती."

मी त्यांच्यासारखी बसले, उठले, दोनदा चालून पाहिलं. एरवी अंगात येतं तसं काहीच येईना.

"काका, तुमच्यात काही नाहीच हो."

"नीट बघ ना."

"बघितलं."

ते हातातल्या टोपीकडे बघत राहिले. "म्हणजे फारच स्वच्छ पुसलं की मी स्वतःला," म्हणाले.

नाताळात ते स्वतःच्याच दारात टोबायस होऊन उभे राहिले. मी बाबांचा मेणकापडी कोट घालून मागे. "सोंगं घ्याल का आत?" त्यांनी श्वास ओढत विचारलं. ट्रिफीकाकूंनी दार सताड उघडलं. "अगंबाई, कप्तान! या, या. चुलीजवळ या."

टकटक. "कुणी बसलंय का?"

काकू खळखळून हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि बोट रोखलं. "हेबर! तूच आहेस रे, लबाडा. हसू दाबायचं असलं की जीभ गालात खुपसतोस. पडद्यातून दिसतो तुझा गाल. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही मी, नाहीतर तुला केव्हाच पकडला असता."

मला कधी दिसलं नव्हतं ते! नाव बरोबर आलं होतं. नियमाप्रमाणे त्यांनी पडदा वर केला.

काकूंनी त्या सुरकुतल्या, रडवेल्या तोंडाकडे पाहिलं आणि किंचाळल्या, "हा म्हातारा कोण? माझा हेबर कुठाय? काय केलंस त्याला?" सरबताची बाटली जमिनीवर फुटली.

हेबरकाकांनी पडदा खाली ओढला. श्वास आत घेत म्हणाले, "माफी असावी, बाई. मी टोबायस."

"हां," काकू शांत झाल्या. "बसा ना, कप्तान."

तेव्हापासून ते घरात राहिले, पण पडद्यामागे. जेवणसुद्धा पडद्याखालून. बोलणं सगळं आत ओढलेल्या श्वासावर. तसं सोंगापुरतं बोलता येतं, दिवसभर नाही. एकदा बोलता बोलता चक्कर येऊन पडले, हात चुलीवर भाजला. मर्टलच्या तोंडात त्या दिवशी गोळी नव्हती. "आता दोघांना कोण सांभाळणार, हेबर? संपलं हे." त्यांनी मान डोलावली.

बाबांच्या गाडीतून आम्ही काकूंना शहरात नेलं. मागच्या सीटवर त्या आणि त्यांच्याशेजारी, लेसचा पडदा घेतलेले, टोबायस कप्तान. वृद्धाश्रमातली बाई पडद्याकडे बघतच राहिली. "आपण यांचे कोण?"

हेबरकाका बोलायच्या आत काकूंनी उत्तर दिलं. "हे कप्तान आहेत. सोबतीला आलेत. माझा नवरा यायचाय अजून."

खोलीत एक पलंग होता आणि एक खुर्ची. काकूंना पलंगावर बसवलं. हेबरकाका खुर्चीपाशी गेले. जायला नको होतं, पण टोबायसला दुसरं काही येतच नव्हतं. त्यांनी पाठीवर टकटक केली.

"कुणी बसलंय का?"

"हो," ट्रिफीकाकू म्हणाल्या. "ती हेबरची जागा आहे."

भेटीची वेळ संपेपर्यंत ते उभेच राहिले.