गुणांक जरा खडबडीत

भंडाऱ्याच्या कॉलेजात गणित शिकवणारे तेजरामसर पस्तिशीला टेकले होते. पोरगी पाहायला गेले की तोंड उघडायचे, अन् सोयरीक मोडायची. यंदा जवाहरनगरच्या नीतूचं स्थळ आलं. विज्ञान शिकवणारी ही पोरगी त्यांनी शिक्षकांच्या शिबिरात तावातावानं भांडताना पाहिली होती, अन् तेव्हाच ती मनात भरली होती. म्हणून आईनं, सत्यभामाबाईनं, निघतानाच दम दिला, "पोहे खाजो, मुंडी हालवजो. गणित काढलं तं मी उठून येईन."

नीतूच्या घरी, फॅक्टरीच्या क्वार्टरात, पोहे आले. नीतूचे काका भैयालाल यांनी सरळच विचारलं, "सर, पीएचडीत तुमी करता काय?"

"तलावात खडा टाकला तर लाट पुढं कुठं जाते, त्याची समीकरणं."

"मंग सांगा, कुठं जाते?"

"ते नाही सांगत. उत्तर आहे का, एकच आहे का, अन् खडा जरासा सरकला तर उत्तरही जरासंच सरकते का, एवढं पाहतो."

"अन् उत्तर असलं तं?"

"ते दुसरे लोक काढतात."

काकांचा चमचा हवेतच राहिला. सत्यभामाबाईनं उठायला पदर खोचला. सर घाबरले, अन् घाबरून आणखीच बोलत सुटले. लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर. समीकरणात त्या वेगाचा आकडा म्हणजे गुणांक. पाणी सावकाश चढलं-उतरलं तर चिंता नाही. पण घडीघडी तलावाचं गेट उघडून खोली थरथरत ठेवली, तर केसाएवढा फरकही फुगत जातो, मग लाटेचा हिशेबच लागत नाही.

नीतू चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "मंजे बिघडवते थो गुणांक. तुमच्या घरी गुणांक कोण? आई?"

सरांनी आईकडं चोरून पाहिलं.

"हव," सर म्हणाले. "जरा खडबडीत आहे, सावकाश चढत-उतरत नाही. पण एकदम उडी नाही मारत. आधी भांडे आपटते, मंग बोलते."

"काय म्हणून राहिला रे माह्याबद्दल?"

"एवढ्या खडबडीत गुणांकात उत्तर मिळते?" नीतूनं विचारलं.

"मिळते. फक्त जरासं झिजते. सुरुवातीले होतं तेवढं गुळगुळीत नाही राहत."

नीतूनं पहिला कप सत्यभामाबाईपुढं ठेवला. "चालते. झिजू जरासं."

भैयालाल वैतागले. "अवो, हव का नाई, थे सांग ना!"

"हव, काकाजी."

"हव तं हव," सत्यभामाबाई म्हणाल्या, "पण लग्नात माईक याच्या हाती देऊ नोका, बाप्पा."