नाण्यांचं अर्धायुष्य

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन त्याहून वाकडं. चौथीपर्यंतच शिकले. रोज शाळेत जाते, पण खिचडी शिजवायला.

त्या दिवशी शोभाच्या लेकीच्या ॲडमिशनची शेवटची तारीख होती. तिला मेहकरला फी भरायची होती. पैसे आमचा बायकांचा बचत गट कर्जाऊ देणार होता, डब्यात साठवलेल्या दहाच्या नाण्यांतून. पण त्या डब्याला कोणी बाई हात लावेना.

झालं असं. आदल्या दिवशी विज्ञानाच्या मॅडमनी गटाला विचारून ती दहाची नाणी वर्गात नेली. रेडिओॲक्टिव्ह शिकवायचं होतं. काही पदार्थांचे कण आपोआप किरण सोडून बदलतात. कोणता कधी बदलेल सांगता येत नाही, पण ठरलेल्या वेळात निम्मे बदलतात. त्या वेळेला अर्धायुष्य म्हणतात. मॅडमनी नाणी माझ्या खिचडीच्या भगोण्यात खळखळवून जमिनीवर ओतली. छापा पडला ते मेलं, बाजूला काढा. उरलेली पुन्हा ओता. दर वेळी निम्मी-अर्धी मरत गेली. काही जिवंत होती तेवढ्यात घंटा झाली. सगळी एकाच डब्यात भरली.

पोरांनी घरोघर सांगितलं, गटाचे पैसे रेडिओॲक्टिव्ह झाले.

"पोरीच्या अंगाले काही झालं तं?" गटाच्या अध्यक्ष कमलाबाई म्हणाल्या.

मॅडम धावत आल्या. "काकू, तो नुसता खेळ होता हो! आणि खऱ्या पदार्थातही जिवंत कणच किरण सोडतात. मेलेले शांत असतात."

"मंग याच्यातले जिते कोनते?" कमलाबाईंनी डबा पुढे सरकवला.

मॅडमनी डब्यात डोकावून पाहिलं. सगळी नाणी सारखीच.

"मंग सारेच मारा आमच्यासमोर."

देवळाच्या ओट्यावर भगोणं आलं. मेलेलं नाणं कमलाबाई मुकाट्याने पदरात घेत. शेवटी एकच उरलं. काटा. पुन्हा काटा. फाट्यावर मेहकरच्या एसटीचा हॉर्न वाजला.

"मर ना बे!" शोभा नाण्यावर ओरडली.

"मर रे बाबा," मॅडमही पुटपुटल्या.

मी चारचौघींत तोंड उघडत नाही. पण भगोणं माझं होतं. ते ओढून घेतलं, खिचडी हलवते तसं गरगरा फिरवलं आणि पालथं केलं.

छापा.

"हाव, आता न्या," कमलाबाई म्हणाल्या. मायलेकी पळत सुटल्या. लेकीला ॲडमिशन मिळाली.

मला एवढंच समजलं, की शेवटचं नाणं कधी मरेल हे मॅडमनाही सांगता येत नाही. म्हणून आधी कंडक्टरला थांबायला सांगावं.

पुढे शोभाने कर्ज पूर्ण फेडलं. सगळ्या नोटा. कमलाबाईंनी एकेक नोट दोन्ही बाजूंनी पाहिली, मगच ठेवून घेतली.