गिटार मोडणारा बाप

रॉक आणि पंक बँडवरचे माहितीपट मी वीसेक वर्षं बघतोय. त्यातल्या प्रत्येकात एक बाप असतो. खडूस, मुलाच्या केसांवर आणि वाद्यावर डूख धरलेला. बापाने छळल्याशिवाय पोराला ओरडून गाताच येत नाही, असं ही माहितीपट काढणारी मंडळी धरूनच चालतात. गाणं कसं बसवलं, ड्रमवाला कुठे चुकायचा, यावर दीड तासात चकार शब्द नाही. त्याऐवजी कुणीतरी दाढीवाला जाणकार खुर्चीत रेलून सांगतो की तो काळच अस्वस्थ होता. काळ मेला कधी स्वस्थ असतो?

तर असा एक माहितीपट आमच्यावरही निघाला. आम्ही लालबागची चार पोरं. कॉलेज संपता संपता पंक बँड काढला, तीन वर्षं वाजवलं आणि निमूट नोकऱ्यांना लागलो. दिग्दर्शक माझ्या निम्म्या वयाचा. त्याने मला आधी बंद गिरणीच्या चिमणीखाली उभं केलं आणि रागाने बघायला सांगितलं. मी विम्याचे क्लेम तपासतो, त्यामुळे ते जमलं. मग त्याने विचारलं, घरून विरोध झालाच असेल ना?

झाला नव्हता. गिरणी गेल्यावर बाबा रे रोडला लाकडाच्या वखारीत वॉचमन होते. चाळीत आमचा गोंगाट कुणाला सहन होईना, तेव्हा त्यांनीच शेटला गळ घालून दर रविवारी सकाळी वखार मिळवून दिली. आम्ही आत कान फोडायचो, ते बाहेर स्टुलावर पेपर वाचत बसायचे. हे ऐकून दिग्दर्शकाचा चेहरा असा पडला की आपण सिनेमातून गळणार, याची मला खात्रीच पटली. पुढच्या टेकला मी सांगितलं, बाबांनी माझी गिटार आपटून मोडली. वर आवाजही थोडा कापरा काढला. मला माझी लाज वाटते.

दादरच्या एका हॉलमध्ये रविवारी दुपारी तो माहितीपट दाखवला. बाबांना मी टाळणार होतो, पण त्यांनी आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. चाळीतलेही बरेच जण आले. पडद्यावर माझी थाप सुरू झाली तेव्हा शेजारी बसलेल्या बाबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मागून कुणीतरी हळहळलं.

बाहेर चहाला आमच्या शेजारच्या काकांनी बाबांना गाठलं. भिंतीला भिंत लागून जन्म गेलेला माणूस, त्यांना काही पटेना. गिटार मोडल्याचा आवाज आमच्याकडे कसा आला नाही, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. दिग्दर्शक तिथेच उभा होता. मी खरं बोलणार होतो, असं अजून स्वतःला सांगत असतो.

बाबांनी कप खाली ठेवला. "होय, मियाच मोडलंय. तेवा डोक्याच फिरला होता माझा."

दिग्दर्शक खूश झाला. हेच कॅमेऱ्यासमोर सांगाल का, असं त्याने लगेच विचारलं आणि आपल्या माणसाला कॅमेरा आणायला पिटाळलं. बाबा हो म्हणाले. मग माझा दंड धरून मला जरा बाजूला घेतलं.

"जमनीर आपटलंय म्हटलंस, काय भिंतीर?"

"जमिनीवर," मी म्हणालो.